आत्याच्या फाइलमधला गुणाकार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं ‘म्हणजे’ आणि ‘बेसिकली’ बरंचसं काढलंय, सगळं नाही.

आजची गोष्ट एका फाइलपासून सुरू होते. गेल्या वर्षी आजोबा गेले. त्यांचं लोखंडी कपाट आवरताना सातबारा, पीक कर्जाच्या पावत्या यांच्या खाली एक दोरी बांधलेली जाड फाइल सापडली. वर निळ्या शाईत आत्याचं नाव आणि खाली ‘मोटार अपघात दावा’.

आत्या 1997 मध्ये गेली. पुणे-नाशिक रस्त्यावर, आळेफाट्याच्या पुढे, सकाळी दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडत होती आणि टेम्पोने उडवलं. वय 34. मी तेव्हा आठ महिन्यांचा होतो. माझ्यासाठी आत्या म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. आतोबा साखर कारखान्यात पाळीवर असायचे, त्यामुळे कोर्टाच्या तारखांना आजोबाच जायचे. सहा वर्षं. निकाल लागला 2003 मध्ये.

त्या निकालाच्या शेवटी एक हिशोब आहे. आतोबांचं वार्षिक उत्पन्न 36,000. त्याचा एक तृतीयांश, म्हणजे 12,000, हे आत्याचं ‘उत्पन्न’. त्यातून तिचा स्वतःवरचा खर्च म्हणून पुन्हा एक तृतीयांश वजा. उरले 8,000. गुणिले 17. बरोबर 1,36,000. त्यात अंत्यविधीचे 2,000, पतीला सहवास गमावल्याबद्दल 5,000, मालमत्तेच्या नुकसानीचे 2,500. एकूण 1,45,500 आणि वर व्याज.

मी दिवसभर कोड लिहितो. समोर फॉर्म्युला आला की पहिला प्रश्न येतो, हा कुणी लिहिला आणि यात कुठला आकडा कुठून आला? आत्याचं उत्पन्न आतोबांच्या पगारावरून का काढलं? 17 कुठून आले? आतोबा कारखान्यात साहेब असते तर आत्याच्या भाकरीची किंमत वाढली असती का? (उत्तर आहे, हो. वाढली असती.) या प्रश्नांच्या मागे लागलो आणि पोचलो थेट 1808 मध्ये.

माणूस मेला तर फुकट

1808. इंग्लंड. एक नवरा-बायको घोडागाडीच्या टपावर बसून चाललेत. तेव्हा गावोगावी धावणाऱ्या घोडागाड्या म्हणजे त्या काळची एस.टी. गाडी उलटली. नवऱ्याला खरचटलं, बायको जबर जखमी झाली आणि महिनाभराने दवाखान्यात वारली. नवरा कोर्टात गेला. हा खटला ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ म्हणून ओळखला जातो.

न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी काय सांगितलं असेल? तुला लागलं त्याची भरपाई मिळेल. बायको अंथरुणावर होती त्या महिन्यात तिची सोबत तुला मिळाली नाही, त्याचीही मिळेल. पण ती ज्या क्षणी मेली, तिथे हिशोब थांबला. माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात भरपाई मागण्याजोगी इजाच नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. कुणाचा पाय मोडला तर पैसे द्यावे लागायचे आणि जीव घेतला तर नाही. गाडीवाल्यासाठी जखमी माणसापेक्षा मेलेला माणूस स्वस्त!

हा नियम मोडायला रेल्वे यावी लागली. रेल्वे अपघातांत माणसं मरायला लागली तशी ओरड वाढली, आणि 1846 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की कमावता माणूस दुसऱ्याच्या चुकीने मेला तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागता येईल. हाच कायदा आपल्याकडे 1855 मध्ये आला. भारतात प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला निघाली 1853 मध्ये, त्यानंतर दोनच वर्षांनी.

तिसरा माणूस

मग मोटारी आल्या. 1914 मध्ये देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा झाला. पण एक अडचण होती. कोर्टाने भरपाई दे म्हटलं, तरी गाडीवाल्याकडे पैसेच नसतील तर? निकालाचा कागद घेऊन विधवेने काय करायचं?

ब्रिटनने 1930 मध्ये यावर उपाय काढला. रस्त्यावर गाडी आणायची तर विमा सक्तीचा. आपल्याकडे 1939 च्या मोटार वाहन कायद्यात हे कलम आलं, पण विम्याची सक्ती प्रत्यक्षात लागू झाली 1 जुलै 1946 पासून.

‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण बाइकचा विमा भरताना ऐकतो आणि सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणून टिक करतो. हा तिसरा माणूस कोण? पहिला तुम्ही, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला तुमची गाडी धडकेल. म्हणजे हा विमा तुमच्या गाडीसाठी नाही आणि तुमच्यासाठीही नाही. तुम्ही ज्याला ओळखतही नाही अशा रस्त्यावरच्या माणसासाठी तुम्ही तो भरता. माझी आत्या त्या टेम्पोच्या विम्यातली तिसरी व्यक्ती होती. तिला बिचारीला ते कधी कळलंही नसेल.

पैसे देणारा सापडला, तरी ते मागायचे कुठे? दिवाणी कोर्टात दावा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, आणि वर मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी. म्हणून 1956 च्या दुरुस्तीने वेगळी न्यायाधिकरणं आली. वकील मंडळी ज्याला ‘एम.ए.सी.टी.’ म्हणतात, ती हीच. तरी फीचा प्रश्न सुटला नाही. हरियाणात एस.टी.ने घरच्या कर्त्या माणसाला उडवलं, त्याची विधवा आणि मुलगी दावा लावायला गेल्या. सरकार म्हणालं, आधी फी भरा. फी माफ करू नये म्हणून सरकार चक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं! 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारचे चांगलेच कान उपटले. न्याय मागायला आलेल्या गरिबाला किंमत सांगून दारातून परत पाठवायचं नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

चूक कुणाची?

अजून एक मोठी भिंत होती. ड्रायव्हरची चूक होती हे सिद्ध कोण करणार? तर मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी. ज्याने पाहिलं तो मेला, ज्याने केलं तो बोलणार नाही, आणि बघे कोर्टाच्या पायऱ्या चढायला तयार नाहीत.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात ही भिंत पाडायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं असं की विमा सक्तीचा केलाय, तो लोकांना भरपाई मिळावी म्हणून, मग निष्काळजीपणा सिद्ध करायची अट कशाला? 1977 मध्ये, ‘मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन’ या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, चूक सिद्ध करावीच लागेल.

मग संसदेने तसं लिहिलं. 1 ऑक्टोबर 1982 पासून नवीन कलम आलं. चूक कुणाचीही असो, मृत्यू झाला तर 15,000 आणि कायमचं अपंगत्व आलं तर 7,500 मिळणारच. रक्कम छोटी होती, पण पहिल्यांदाच घरच्यांना कुणाकडे बोट न दाखवता काहीतरी मिळणार होतं. धडक देऊन पळून गेलेल्या गाड्यांसाठीही तेव्हाच निधी आला, मृत्यूला 5,000.

1988 मध्ये नवा मोटार वाहन कायदा झाला. आणि 1994 च्या दुरुस्तीत आलं कलम 163-अ. आत्याच्या फाइलवर हेच कलम आहे. चूक सिद्ध करायची गरज नाही, वय आणि उत्पन्न सांगा, कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तक्ता दिलाय, त्यात बघा, आकडा घ्या. म्हणजे देशाच्या कायद्यातलं एक्सेल शीटच म्हणा ना.

कायद्यातला बग

आता 17 कुठून आले ते सांगतो. 1942 मध्ये वेल्सच्या कोळसा खाणीतल्या अपघाताच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने ही पद्धत पक्की केली. माणूस घरासाठी वर्षाला जेवढे पैसे देत होता, ते गुणिले काही वर्षं. आत्या 60 पर्यंत खपली असती असं धरलं तर 26 वर्षं होतात. मग 26 ने का नाही गुणत? कारण रक्कम एकदम हातात येते, ती बँकेत ठेवली की व्याज मिळतं, आणि आयुष्य तसंही बेभरवशाचं. म्हणून आकडा कमी. नव्वदीच्या सुरुवातीला केरळच्या एस.टी.च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ही पद्धत योग्य ठरवली. 1994 च्या तक्त्यात 30 ते 35 वयाला गुणक होता 17.

तर तो तक्ता. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालय त्याच्याकडे बारकाईने बघत होतं आणि त्यांना काय दिसलं? पहिलीच ओळ. वय 15 पर्यंत, वार्षिक उत्पन्न 3,000, गुणक 15. तीन हजार गुणिले पंधरा किती? 45,000. तक्त्यात छापलंय 60,000. पुढच्या ओळीत 9,000 गुणिले 16, म्हणजे 1,44,000 हवेत. छापलेत 1,71,000. संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात गुणाकार चुकलेला! कोर्टाने सांगितलं, या तक्त्यात बऱ्याच चुका आहेत, डोळे झाकून वापरू नका.

आमच्याकडे असा कोड प्रॉडक्शनला गेला असता तर रात्री दोनला फोन आला असता. हा तक्ता कायद्यात 2018 पर्यंत होता.

पण हा बग दिसणारा होता. कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन पकडला असता. मला छळतो तो दुसरा, जो चूक म्हणून दिसतच नाही. परिशिष्टाच्या शेवटी एक टीप होती. ज्यांना उत्पन्न नाही अशांचं वार्षिक उत्पन्न 15,000 धरावं. आणि पती किंवा पत्नी असेल, तर कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश.

आत्या पहाटे उठायची, दोन म्हशींची धार काढायची, दूध डेअरीवर घालायची, सासूचं दुखणं-खुपणं बघायची, दुपारी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. फाइलमध्ये व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय ‘घरकाम’. उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलंय ‘निरंक’. डेअरीचं कार्ड आतोबांच्या नावावर होतं. ब्लाउजची पावती कोण फाडतं?

घरकामाचा भाव

आता एक वळण घेतो. 3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला एका कार्यक्रमात मांडवाला आग लागली आणि कितीतरी बायका, मुलं होरपळून मेली. हा रस्ते अपघात नव्हे, पण प्रश्न तोच, गृहिणी गेली तर भरपाई किती? सर्वोच्च न्यायालयाने ही आकडेमोड सोपवली होती आपल्या माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे. त्यांनी घरकामाचं मोल धरलं वर्षाला 12,000. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे फारच कमी आहे. 34 ते 59 वयाच्या गृहिणीसाठी महिन्याला 3,000, वर्षाला 36,000 धरा. नवऱ्याचा पगार किती, हा प्रश्नच नाही. पुढे वाहन अपघातांच्या दाव्यांतही हा आकडा वापरला गेला.

हे वाचलं आणि मी पुन्हा फाइल उघडली. आत्याचं वय 34. निकालाचं वर्ष 2003. म्हणजे दिल्लीतला निकाल दोन वर्षं आधीच लागला होता. 36,000 वजा एक तृतीयांश, 24,000, गुणिले 17, म्हणजे 4,08,000. मिळाले 1,36,000. बरोबर तिप्पट फरक. तो आकडा मान्य झालाच असता असं मी म्हणत नाही, विमा कंपनीनेही युक्तिवाद केला असता. पण फाइलमध्ये त्या निकालाचा साधा उल्लेखही नाही. आजोबांना माहीत नव्हता. वकिलांनी मांडला नाही. गुगल करायची सोय नव्हती. दिल्लीतला न्याय तालुक्याच्या गावी पोचायला एस.टी.पेक्षा जास्त वेळ लागतो.

पुढे गोष्टी बदलल्या. 2009 मध्ये ‘सरला वर्मा’ निकाल आला. दिल्लीत बसच्या धडकेत 1988 मध्ये गेलेला 38 वर्षांचा शास्त्रज्ञ, आणि अंतिम निकाल लागला 21 वर्षांनी! त्या निकालाने सगळ्या देशासाठी एकच गुणक तक्ता दिला आणि अवलंबून असलेली माणसं किती, यावर वजावट ठरवली. 2010 मध्ये न्यायालयाने जनगणनेवरच बोट ठेवलं. घरकाम करणाऱ्या बायकांना ‘काम न करणारे’ म्हणून भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं जात होतं. 2017 मध्ये ‘प्रणय सेठी’ निकालाने ठरवलं की पगारी नोकरी नसली तरी माणसाची कमाई पुढे वाढली असती, चाळिशीच्या आतल्यांसाठी ती 40 टक्के वाढीव धरा.

आणि 5 जानेवारी 2021 चा ‘कीर्ती’ निकाल. दिल्लीत मोटारसायकलवर जाणारं एक जोडपं कारच्या धडकेत गेलं, मागे लहान मुली. न्यायालयाने 2019 चं सरकारी सर्वेक्षण समोर ठेवलं. बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते, पुरुष 97. घरकाम हे काम आहे, त्याचं उत्पन्न धरायचं, आणि ती 40 टक्के वाढही तिला लागू, हे त्या निकालाने स्पष्ट केलं.

आज आत्याचा हिशोब कसा होईल? समजा, घरकामाचं मोल महिन्याला 10,000 धरलं. (हा आकडा माझा, फक्त उदाहरणासाठी.) वर्षाचे 1,20,000. अधिक 40 टक्के, 1,68,000. अवलंबून चार माणसं, म्हणून एक चतुर्थांश वजा, 1,26,000. सरला वर्मा तक्त्यात 31 ते 35 ला गुणक 16. एकूण 20,16,000. महागाई वाढली हे आहेच, पण सूत्रही बदललंय. नवऱ्याच्या पगाराचा रकाना त्यात राहिलेला नाही.

आपल्या फोनमध्ये काय असावं

2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यामुळे पुढचं नीट ऐका, आणि घरच्या ग्रुपवर टाका.

एक, मुदत. 1994 मध्ये दाव्याची मुदतच काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नका. तेरावं झालं की कागद गोळा करायला लागा.

दोन, दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो असं नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो.

तीन, चूक सिद्ध होत नसेल तर 2022 पासून मृत्यूला 5 लाख आणि गंभीर इजेला अडीच लाखांची तरतूद आहे. गाडी पळून गेली असेल, तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर इजेला 50,000.

चार, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. मदत करा, घाबरू नका.

पाच, तुमच्या बाइकचा थर्ड पार्टी विमा आत्ता तपासा. संपला असेल तर दंड पहिल्या वेळी 2,000 आहे, तो सोडा. तुमच्या गाडीखाली कुणाची आत्या आली, तर तिच्या मुलांना द्यायचे लाखो रुपये तुमच्या खिशातून जातील, आणि तुमच्याकडे नसतील तर त्या मुलांना मिळणारच नाहीत.

आणि सहा, आईच्या नावावर काहीतरी ठेवा. डेअरीचं कार्ड, बचत गटाचं पासबुक, शिवणकामाची वही, जे असेल ते. ‘निरंक’ लिहायची वेळ येऊ देऊ नका.

ताई

शेवटचं. आत्याची मुलगी, माझी ताई, तेव्हा दहावीत होती. हे तिला विचारूनच सांगतोय. आई गेल्यावर म्हशी, आजारी आजी आणि धाकटा भाऊ, सगळं तिच्यावर आलं. दहावी झाली, पुढे कॉलेज नाही. गणितात तिला 150 पैकी 138 होते. चुलीपुढे बसून भावाचा अभ्यास घ्यायची.

मी तिला फाइल दाखवली. 12,000 वर बोट ठेवून म्हटलं, ताई, तुझ्या आईच्या वर्षभराच्या कामाची ही किंमत लावली होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अरे, ते काम नंतर मी केलं ना. मला विचारायचं होतं.”

सहा वर्षांत ते कुणालाच सुचलं नाही. आत्याच्या कामाचा भाव कायद्याच्या परिशिष्टात शोधत होते, आणि तो चुकता करणारी मुलगी रोज त्याच घरात भाकरी थापत होती.

ताई आता 43 वर्षांची आहे. गेल्या जूनमध्ये तिने मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. डेअरीचं कार्ड तिच्या नावावर आहे.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.